हिरड्याचे दहा उपयोग

सरांनी तिचं नाव दीर्घा पाडलं तेव्हा ती सातवीत होती. दिसेल त्या अक्षराला ती दीर्घ वेलांटी द्यायची. एकदा तिच्या निबंधात 'दीवस' आलं आणि सरांनी तो शब्द वर्गात वाचून दाखवला, चांगला लांबवून. "अगं, एवढा लांब दिवस माणसानं काढायचा कसा?" असं त्यांनी विचारलं आणि सगळा वर्ग हसला. मग शाळा सुटल्यावर महिनाभर रोज अर्धा तास थांबवून त्यांनीच तिचं शुद्धलेखन मार्गी लावलं. वेलांट्या सुधारल्या, नाव राहिलं. घरीदारी सगळे तिला दीर्घाच म्हणायला लागले.

आता ती चौतीस वर्षांची होती आणि लिहिण्याचंच काम करत होती. औषधी चूर्णं बनवणारा एक छोटा कारखाना होता, मालक धरून अकरा माणसं. पत्रं, लेबलं, डब्यातली माहितीपत्रकं, लिहायचं म्हणून जे काही असेल ते तिच्याकडे. मागच्या अंगणात ताडपत्रीवर हिरडे वाळत पडलेले असायचे, शेडमध्ये चार बायका खलबत्त्यानं ते फोडून बिया वेगळ्या करायच्या, आणि पलीकडे चक्की दिवसभर घरघरायची. तिच्या खोलीचं दार बंद असलं तरी कॉम्प्युटरच्या कळांवर पिवळट धूळ बसायची. ओठांवरून जीभ फिरवली की तुरट लागायचं. बायका म्हणायच्या, आम्हाला घरी नवऱ्याशी भांडायला वेगळं तोंड वाईट करावं लागत नाही.

तोवर कारखाना हिरड्याचं चूर्ण पोत्यांनी दुसऱ्यांना पुरवायचा. त्या वर्षी मालकांनी स्वतःचा डबा काढायचं ठरवलं. डब्यात घडी घातलेलं एक पत्रक, पुढच्या बाजूला फळाचं चित्र, मागच्या बाजूला उपयोग. उपयोग दहा हवेत, असं त्यांनी सांगितलं. त्यांचं म्हणणं असं, की आठ लिहिले तर लोकांना वाटतं काहीतरी हातचं राखलंय आणि बारा लिहिले तर वाटतं थापा मारताहेत.

दीर्घा मावशीकडे गेली. आई लवकर गेल्यावर मावशीनंच तिला वाढवलं होतं आणि अजूनही दोघी एकाच घरात राहत होत्या. मावशी चाळीस वर्षं प्रसूतिगृहात आया होती. दिवसभर डॉक्टरांच्या हाताखाली काम, आणि फावल्या वेळात बाळंतिणी तिला हळूच विचारायच्या ते सगळं वेगळं. हिरडा तिला तिच्या आईकडून आलेला. भाजी निवडता निवडता ती सांगत गेली आणि दीर्घा वहीत उतरवत गेली.

तान्ह्या बाळाचं पोट दुखत असेल तर सहाणेवर दोन वेढे उगाळायचे, तिसरा नाही, आणि कोमट पाण्यात बोटानं चाटवायचा. कोरडा खोकला असेल तर एक तुकडा गालात धरायचा. चावायचा नाही, नुसता रस गिळायचा. तोंड आलं असेल तर काढा करून, गार करून गुळण्या. पोट साफ होत नसेल तर झोपताना कोमट पाण्याबरोबर चूर्ण. हिरड्या ठणकत असतील तर वस्त्रगाळ पूड बोटानं चोळायची. भूक लागत नसेल तर जेवणाआधी चिमूटभर सैंधवाबरोबर. जखम चिघळत असेल तर काढ्यानं धुवायची. असे सात झाले.

"आता हे नीट लिही," मावशी म्हणाली आणि भाजी बाजूला ठेवली. पोटुशी बाई असेल तर तिला हिरडा द्यायचा नाही. उपाशी, अशक्त, उन्हानं सुकलेला माणूस असेल तर त्यालाही नाही, आधीच रिकामं असलेलं आणखी रिकामं करू नये. आणि ज्याला डॉक्टरांची रोजची गोळी चालू आहे त्याला डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही, आणि हिरड्यासाठी ती गोळी तर कधीच सोडायची नाही. तिची आई म्हणे फळ हातात घ्यायच्या आधी समोरच्या माणसाकडे बराच वेळ बघायची.

दीर्घानं सात उपयोग आणि खाली तीन सूचना असा कागद मालकांपुढे ठेवला. त्यांनी तो वाचला आणि खालच्या तीन ओळींवर पेन्सिलीनं आडवी रेघ मारली. आपण डबा विकायला बसलोय की अडवायला, असं ते म्हणाले. तिथे तीन उपयोग भरून दे, संध्याकाळी छापखान्यात जायला हवं.

पुढे कितीतरी दिवस ती त्या संध्याकाळपाशी परत परत जाऊन उभी राहिली. मालकांनी काय लिहायचं ते सांगितलं नव्हतं. रेघ त्यांची होती, ओळी तिच्या. तिनं अर्ध्या तासात तीन बसवल्या. आठवी दृष्टीची, नववी स्मरणशक्तीची. दहावी अशी: 'नियमीत सेवनाने रक्तदाब ताळ्यावर येतो व रोजच्या गोळ्यांची गरज हळूहळू उरत नाही.' ती ओळ तिनं मोठ्यानं वाचून पाहिली. वाक्य कसं घोटून आल्यासारखं वाटलं. तिला ते आवडलं, हे ती पुढे कधी नाकारू शकली नाही.

पत्रक छापून आलं त्या दिवशी ती पहिली प्रत घेऊन सरांकडे गेली. सर निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली होती. दोन गल्ल्या पलीकडच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर ते आणि काकू राहत होते. काटकुळे पण ताठ. टेबलावर काच, काचेखाली वेळापत्रकं, पत्ते, कात्रणं, आणि पाण्याच्या पेल्याशेजारी गोळ्यांची पट्टी. ती पट्टी दीर्घा दहा वर्षं बघत आली होती. रक्तदाबाची गोळी ते न्याहारीनंतर घ्यायचे, घड्याळ लावून.

सरांनी चष्मा लावला, पेन्सिल घेतली आणि पत्रक वरपासून खालपर्यंत वाचलं. दहाव्या ओळीवर पेन्सिल थांबली. 'नियमीत'मधल्या मी-ची वेलांटी त्यांनी ऱ्हस्व केली आणि तिच्याकडे बघून हसले.

"बाकी चोख," ते म्हणाले. "हे सगळं मावशींचं का?"

"हो," दीर्घा म्हणाली. "सगळं मावशीचंच."

त्यांनी मान डोलावली. मावशींना ते मानायचे; त्यांच्या मुलाच्या जन्माच्या वेळी प्रसूतिगृहात मावशीच होती. दीर्घा चहा पिऊन निघाली तेव्हा टेबलावर पत्रक होतं आणि शेजारी तिनं भेट म्हणून आणलेले, अजून पत्रक न घातलेले दोन डबे. जिना उतरताना तिला इतकं हलकं वाटत होतं की ती लिफ्टसाठी थांबलीसुद्धा नाही.

सव्वा महिन्यानं सकाळी काकूंचा फोन आला. सरांच्या हातातून दात घासायचा ब्रश सारखा पडत होता. काकूंना आधी वाटलं चेष्टा करताहेत, म्हणून त्या रागावल्या. मग त्यांनी सरांचा चेहरा पाहिला. एक बाजू खाली ओघळली होती.

दीर्घा दवाखान्यात पोहोचली तेव्हा काकू बाकावर बसल्या होत्या, पायात दोन वेगवेगळ्या चपला. सरांना आत नेलं होतं. थोड्या वेळानं डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. मेंदूच्या डाव्या बाजूचा रक्तपुरवठा अडला होता. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं गेलं होतं, किती परत येईल ते आता सांगता येणार नव्हतं. रक्तदाब फार चढलेला होता. गोळ्या नीट घेत होते का, असं त्यांनी विचारलं.

काकूंनी खाली मान घातली. दोन दिवसांपूर्वी खणात गोळ्यांनी भरलेल्या पट्ट्या दिसल्या, असं त्या म्हणाल्या. विचारलं तर म्हणाले, हळूहळू बंद करतोय, मी नीट वाचलंय. कुठे वाचलं ते काही बोलले नाहीत. डॉक्टरीणबाईंनी विचारलं की त्याऐवजी दुसरं काही घेत होते का. ते कळलं तर बरं होईल. काकूंना माहीत नव्हतं. त्यांनी दीर्घाच्या हातात घराची किल्ली दिली. सरांचा चष्मा आण, दोन सदरे आण, आणि टेबलावर कुठे तसला कागद दिसतो का तेवढं बघ.

कागद शोधावा लागला नाही. तो काचेखाली होता, गोळ्यांचं वेळापत्रक असायचं त्या जागी. दीर्घानं काच उचलली. दहाव्या ओळीपुढे समासात सरांच्या बारीक, सरळ अक्षरात नोंदी होत्या. एका तारखेसमोर 'गोळी अर्धी'. दोन आठवड्यांनंतरच्या तारखेसमोर 'एक दिवसाआड'. मग 'बंद'. आणि त्याखाली, 'दीर्घाला सांगणे'.

मग तिनं तो कागद घडी करून आपल्या पर्समध्ये, आतल्या कप्प्यात घातला आणि चेन ओढली. हे तिनं विचार करून केलं नाही. चष्मा घेतला, सदरे घेतले, दाराला कुलूप लावलं.

"नाही मिळाला," तिनं काकूंना सांगितलं.

डॉक्टरीणबाईंना मात्र तिनं सांगितलं, की ते बहुतेक हिरड्याचं चूर्ण घेत असावेत, मी तसल्या कारखान्यात काम करते, त्यांच्याकडे डबे पाहिले होते. किती घेत असतील असं विचारल्यावर तिनं पत्रकात छापलेलं प्रमाणही सांगितलं, सकाळी एक चमचा, रात्री एक चमचा. डॉक्टरीणबाईंनी लिहून घेतलं. पोट बिघडून अंगातलं पाणीही कमी झालंय ते त्यामुळेच, असं त्या म्हणाल्या आणि तिचे आभार मानले. काकूंनी तिचा हात हातात घेतला. तू होतीस म्हणून एवढं तरी कळलं, असं त्या म्हणाल्या.

त्या वाक्यानंतर खरं सांगणं आणखी अवघड झालं, आणि दर दिवशी ते अवघड होत गेलं. दीर्घा रोज जायची. कारखान्यातून सुटली की बसनं दवाखाना, काकूंना जेवायला घालायचं, चादर बदलायला मदत करायची, सरांच्या उजव्या हाताची बोटं एकेक उघडून मिटायची. ती जितकं जास्त करायची तितकं काकू जास्त बोलायच्या. वॉर्डातल्या बायकांना त्या सांगायच्या, ही त्यांची विद्यार्थिनी, पोटच्या पोरीसारखी धावतेय. दीर्घा तेव्हा उशीचा अभ्रा नीट करत राहायची. सर डोळे मिटून पडलेले असले की तिला सुटल्यासारखं वाटायचं, आणि त्यांनी डोळे उघडले की ती पाणी आणायला उठायची.

कागद पर्समध्येच होता. तो फाडावा असं तिला दोनदा वाटलं, पण त्यावर सरांचं अक्षर होतं.

मावशीला काहीतरी कळलं होतंच. दीर्घा जेवत नव्हती, आणि घरात हिरड्याचा विषय निघाला की उठून जात होती. एका रविवारी दुपारी तिनं कागद काढला आणि मावशीला सगळं सांगितलं. मावशीला बारीक छपाई दिसत नव्हती. वाचून दाखव, ती म्हणाली, सगळं.

दीर्घानं वाचलं. सातव्या ओळीपर्यंत मावशी मान डोलावत होती. आठव्या ओळीला मान थांबली. दहावी संपल्यावर तिनं विचारलं,

"आणि मी सांगितलेल्या त्या तीन?"

"त्या घेतल्या नाहीत."

मावशी उठली. खिडकीत वाळत घातलेला टॉवेल तिनं काढला, घडी घातली, परत उलगडला. मग तिकडे तोंड करूनच म्हणाली, चाळीस वर्षं केलं. एवढी बाळं, एवढ्या बाळंतिणी. कुणाला अपाय झाला असं कधी कानावर आलं नाही. आता झाला, आणि तोही माझ्या नावावर.

"मी काकूंना सांगणार आहे," दीर्घा म्हणाली.

"मग मला आधी कशाला सांगितलंस?" मावशीनं विचारलं. "मी तुला बरं वाटेल असं काही बोलावं म्हणून?"

ते खरंच होतं.

तरी आणखी नऊ दिवस गेले. सरांना घरी आणलं. त्यांचा मुलगा दुसऱ्या शहरातून रजा काढून आला होता. दीर्घा त्याला लहानपणापासून दादा म्हणायची. एव्हाना सरांना शब्द येऊ लागले होते, एकेक, वाट चुकल्यासारखे. चमचा मागायचा तर 'खिडकी' म्हणायचे आणि स्वतःच चिडून मान हलवायचे. आयुष्यभर इतरांचे शब्द दुरुस्त केलेला माणूस.

त्या दिवशी संध्याकाळी ती गेली तेव्हा दादा पलंगासमोर खुर्ची ओढून बसला होता. काकू दारात उभ्या होत्या. दादा ओरडत नव्हता. थकलेल्या आवाजात बोलत होता, पण थांबत नव्हता. शिकले-सवरलेले तुम्ही, तो म्हणत होता. दहा वर्षं घेतलेली गोळी मनानं बंद केलीत. कुणी सांगितलं तुम्हाला? कुठल्या कागदावर वाचलंत? कुणीतरी सांगितलं असणार ना? आईला विचारलं नाहीत, डॉक्टरांना विचारलं नाहीत. आता हिचे हाल बघा. मी किती दिवस रजा काढू?

सर भिंतीकडे बघत होते. मग त्यांनी मान वळवली आणि दारात आलेली दीर्घा त्यांना दिसली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत काही आरोप असता तर तिला सोपं गेलं असतं. ते तिला ओळखून किंचित हसले, तोंडाच्या एकाच बाजूनं, आणि दादाकडे वळले.

"मी," ते म्हणाले. पुढचा शब्द शोधायला त्यांना वेळ लागला. "मी... वाचलं. माझी... चूक."

दादानं कपाळाला हात लावला. काकूंनी पदरानं डोळे टिपले. सर पुन्हा भिंतीकडे बघायला लागले, आणि दीर्घाला कळून चुकलं की ते हे पहिल्यांदा म्हणत नाहीत. गेले कितीतरी दिवस, शब्द फुटल्यापासून, ते हेच एक वाक्य जुळवून म्हणत होते, आणि तिचं नाव त्यात येऊ देत नव्हते.

तिनं पर्सची चेन उघडली.

"दादा, तो कागद हा," ती म्हणाली. "मी लिहिलाय. वरचे सात उपयोग खरे आहेत. खालचे तीन मी मनानं लिहिले, जागा भरायला. मीच आणून दिला सरांना. मावशीचं आहे असं सांगून."

दादानं कागद घेतला. वरपासून दहाव्या ओळीपर्यंत वाचला. त्याचा चेहरा लाल झाला, पण तो काही बोलायच्या आत काकू पुढे आल्या आणि त्यांनी कागद त्याच्या हातातून घेतला. समासातलं अक्षर त्यांनी बोटानं चाचपलं. शेवटच्या नोंदीवर बोट थांबलं.

"तू म्हणालीस मिळाला नाही," त्या म्हणाल्या.

काकूंनी कागद तिच्यासमोर धरला.

"त्या डॉक्टरीणबाई उभ्या राहून विचारत होत्या. आणि हा तुझ्या पर्समध्ये होता?"

"हो."

"महिनाभर?"

"हो."

काकूंचा आवाज चढला नाही. त्या तिच्याकडे अशा बघत होत्या जशी एखादी अनोळखी बाई चुकून घरात शिरलीय आणि तिला कुठल्या दारानं बाहेर न्यावं ते सुचत नाहीये. मी लोकांना काय काय सांगितलं तुझ्याबद्दल, एवढंच त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, तू आता जा.

सर पलंगावर धडपडत उठायला बघत होते. डावा हात त्यांनी तिच्या दिशेनं उचलला होता. "दी," ते म्हणाले. "दी..." पुढचं येत नव्हतं. ते यावं म्हणून थांबायला हवं होतं. दीर्घा थांबली नाही. ती चारही मजले जवळजवळ पळतच उतरली, आणि रस्त्यावर आल्यावर तिच्या ध्यानात आलं की चपला वरच राहिल्या आहेत. त्या आणायला ती परत गेली नाही. अनवाणी घरी आली. मावशीनं तिचे पाय पाहिले आणि बादलीत पाणी ओतलं.

दुसऱ्या दिवशी तिनं मालकांना सांगितलं. ते घाबरले, मग चिडले, मग म्हणाले पुढच्या छपाईत तीन ओळी काढून टाकू. पुढच्या नव्हे, ती म्हणाली, आता बाजारात आहेत त्या. एकशे चाळीस डबे दुकानांत गेले होते. मालकांनी हात झटकले. तुला हौस असेल तर तू काढ.

मग तिनं स्वतःच्या पैशानं नवं पत्रक छापून घेतलं आणि ती रोज कामानंतर दुकानांची यादी घेऊन फिरली. सदतीस दुकानं. प्रत्येक ठिकाणी तिला तेच सांगावं लागायचं: पत्रकातल्या शेवटच्या तीन ओळी खोट्या आहेत, मीच लिहिल्या होत्या, हे नवं पत्रक घ्या, त्यात कुणी घेऊ नये ते लिहिलंय. पहिल्या दुकानात तिचा आवाज फुटला नाही आणि दुकानदाराला वाटलं ती काही विकायला आलीय. एका बाईनं तिला काउंटरच्या आत बसवून पाणी दिलं. एकानं सगळ्यांसमोर विचारलं, "म्हणजे तुम्ही बसल्या बसल्या औषध बनवलंत होय?" आणि रांगेतले लोक हसले. ती उभी राहिली. पण तिला सगळ्यात लागलं ते एका म्हाताऱ्या दुकानदाराचं बोलणं. त्यानं पत्रकं बदलून घेतली आणि सहज म्हणाला, जाऊ द्या हो, सगळेच लिहितात, कोण वाचतंय. तिला बरं वाटावं म्हणूनच तो तसं म्हणाला होता.

बेचाळीस डबे आधीच विकले गेले होते. ते कुणी नेले, ते कुठल्याच दुकानदाराला सांगता आलं नाही.

दादाचं तक्रारीचं पत्र कारखान्यात आलं तेव्हा मालकांनी डबा बंदच केला. दीर्घाला त्यांनी काढलं नाही, लिहिण्याचं काम तेवढं काढून घेतलं. ती शेडमध्ये बायकांबरोबर हिरडे फोडायला बसू लागली. पहिल्या दिवशी त्या चौघी गप्प होत्या. त्यांच्या गप्पा तिच्यामुळे बंद पडल्या हे तिला कळत होतं. तिसऱ्या दिवशी एकीनं तिच्या हातातला बत्ता काढून घेतला, तो असा धरायचा नसतो हे करून दाखवलं आणि परत दिला. बोटांना फोड आले, मग घट्टे पडले.

काकूंकडे ती गेली नाही. मावशी मात्र गेली. काय बोलणं झालं ते तिनं सांगितलं नाही. फक्त येताना वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दीर्घाच्या चपला घेऊन आली.

अडीच महिन्यांनी, एका शनिवारी सकाळी, काकूंचा फोन आला. त्यांनी नाव घेतलं नाही, कशी आहेस म्हटलं नाही. लिफ्ट बंद पडलीय, त्या म्हणाल्या. अकरा वाजता त्यांना व्यायामाला न्यायचंय. दादा परत गेलाय, शेजारचे बाहेरगावी आहेत. मला एकटीला झेपणार नाही.

दीर्घा गेली. दार उघडंच होतं. सर खुर्चीत तयार बसले होते, पायांत बूट, हातात चार टेकूंची काठी. ती दिसल्यावर ते खूप वेळ बघत राहिले. तिनं नजर खाली घातली नाही. ते सोपं नव्हतं. मग तिनं त्यांचा उजवा हात आपल्या खांद्यावर घेतला आणि दुसऱ्या हातानं त्यांच्या कमरेचा पट्टा धरला.

काकू पुढे गेल्या, घडीची खुर्ची घेऊन. प्रत्येक वळणावर त्या ती मांडायच्या, सर बसायचे, दम घ्यायचे, आणि पुन्हा उठायचे. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सरांना पायऱ्या मोजायला सांगितल्या होत्या, बोलण्याचा सराव म्हणून. ते मोजत होते. सात ऐवजी एकदा 'सोमवार' म्हणाले आणि थबकले. दीर्घा थांबली. पायरीवर तिघंही थांबली, शब्द येईपर्यंत. "सात," सर म्हणाले, आणि डावा पाय खाली टाकला.

काकू तिच्याशी कामापुरतंच बोलत होत्या. धर. थांब. पट्टा वर घे. दुसऱ्या मजल्यावर सरांचा तोल गेला तेव्हा त्यांनी मागे वळून दीर्घाचंही मनगट घट्ट पकडलं, आणि तोल सावरल्यावर लगेच सोडलं.

खाली पोहोचायला पंचवीस मिनिटं लागली. टॅक्सी उभी होती. दोघींनी सरांना आत बसवलं, पाय उचलून आत घेतले. काकू पलीकडून चढल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं. दीर्घा बाजूला सरली. टॅक्सी सुरू झाली, थोडी पुढे गेली आणि थांबली. काकूंनी काच खाली केली. त्या समोर बघूनच बोलल्या.

"साडेबाराला येऊ. वर चढवायचंय."

दीर्घानं हो म्हटलं. टॅक्सी वळणावरून गेली. कारखान्यात शनिवारी अर्धा दिवस काम असतं. ती जाऊन परत आली असती तरी चाललं असतं. पण ती गेली नाही. तिनं खुर्चीची घडी घालून भिंतीला टेकवली आणि खालच्या पायरीवर बसून राहिली.